हात धुतानाची चाल

कडूबा तुपेचा आवाज लोकांना लग्नात हवा असायचा, चेहरा मात्र नको असायचा. ही वेळ त्याच्यावर टीव्हीनं आणली.

मी त्याच्याबरोबर बरीच वर्षं गायले. आमचा एक लहानसा ऑर्केस्ट्रा होता. हळदी, साखरपुडे, डोहाळजेवणं, मध्येच एखाद्या नगरसेवकाचा वाढदिवस. पुरुषाचा आवाज त्याचा, बाईचा माझा. मी समर्थनगरातल्या बँकवाल्या घरातली. मी, मनस्विनीनं, मांडवात गावं हे आमच्याकडं कुणाला आवडत नव्हतं. कडूबा लासूर स्टेशनच्या पलीकडच्या खेड्यातला. त्याच्या आईची आधीची दोन लेकरं गेली होती, म्हणून हा तरी जगावा यासाठी असं नाव ठेवलेलं. टीव्हीवर पहिलं काम मिळालं तेव्हा तिथल्या लोकांनी नाव बदलायचं सुचवलं. ज्या नावानं मी वाचलो ते मी कशाला टाकू, असं म्हणून त्यानं तो विषय मिटवला. आम्ही एकाच वयाचे, पण मला तो ताई म्हणायचा.

राहायला तो मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या मागं. बायको मंजुषा, मुलगी लहान. सकाळी गच्चीवर रियाज करायचा. गाडी आली की थांबायचा आणि डबे निघून गेले की सोडलेल्या सुरावरच परत यायचा. विद्यापीठात नाटक शिकलेला असूनही स्वतःला तो गाणाराच समजायचा. नाटक त्याच्या अंगात होतं, पण गाण्यावर घर चालावं अशी त्याची इच्छा होती, आणि ते चालत नव्हतं.

त्या वर्षांत पाऊस सारखा दगा देत होता. गावाकडच्या हळदी आटल्या, लग्नं देवळात उरकू लागली. शहर मात्र वाढतच होतं. चिकलठाण्याच्या पुढं, बीड बायपासला, जिथं बघावं तिथं चुन्याच्या रेघा आणि प्लॉटिंगचे फलक. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि गल्लीत टँकर शिरला की बायका हातातलं टाकून पळायच्या. अशा दिवसांत 'घडलं ते असं' या गुन्ह्यांच्या कार्यक्रमाचं एक युनिट इथं मुक्कामाला आलं. खऱ्या घटना, बदललेली नावं. अर्धवट बांधलेली घरं आणि ओसाड माळ इथं फुकट मिळत होते.

कडूबाला त्यांनी आधी हवालदार केलं, मग चोर. मग एका भागात बायकोला जाळणारा नवरा केलं. ते काम त्यानं इतक्या शांतपणे केलं की त्यानंतर त्याला दुसरं काही मिळेना. कुऱ्हाड, विष, दोरी, सगळं त्याच्याकडं. दिवसभर धुळीत ओरडायचं आणि संध्याकाळी हळदीत हळवं गाणं म्हणायचं, यात त्याच्या गळ्याचे हाल होत. खिशात ज्येष्ठमधाचे तुकडे असायचे. शूटिंग लांबलं की मला फोन करायचा, दोन गाणी जास्तीची घ्या म्हणून, आणि मेकअप अर्धाच पुसून रिक्षानं यायचा. एकदा कानामागं लाल रंग राहिला होता. मी माझ्या रुमालानं पुसला.

सिडकोतल्या एका हळदीत नवरीच्या आजीनं, यमुनाबाईंनी, त्याला ओळखलं. आवाज चढवला नाही. आमच्या म्होरक्याला बाजूला बोलावून त्या एवढंच म्हणाल्या की गाणं होऊ द्या, पण माझ्या नातीला हळद लागताना तो माणूस समोर नको. म्होरक्यानं कडूबाला स्पीकरच्या भिंतीमागं उभं केलं. तिथून तो गायला. मंडळी वाहवा करत होती आणि मी स्टेजवर एकटी, शेजारच्या रिकाम्या माईककडं बघत हसत होते. त्यानंतर हे अधूनमधून व्हायला लागलं.  त्याचं ज्येष्ठमध चघळणं वाढलं.

मग धोंडिबाचा भाग आला.

धोंडिबाची गोष्ट सगळ्या शहराला ठाऊक होती. चिकलठाण्याच्या पुढं त्याची जमीन होती आणि तिथल्या बोअरला भर दुष्काळात पाणी होतं. सर्जेराव नावाच्या माणसाचे टँकर त्या बोअरवर भरायचे. दोघांची भागी होती. पुढं सर्जेरावला ती जमीन प्लॉटिंगसाठी हवी झाली आणि धोंडिबा देईना. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात एका पहाटे धोंडिबा टँकरच्या चाकाखाली सापडला. सर्जेराव म्हणाला अपघात. पोलिसांनी सांगितलं, डोक्यात आधी टॉमी बसलीय, चाकाचे नट खोलायची लोखंडी कांब. टँकरचा ड्रायव्हर पुंजाराम यानं जबाब दिला की मी केबिनमध्ये झोपलेला होतो, मला काही माहीत नाही. सर्जेराव आत गेला आणि खटला सुरू व्हायची वाट बघत राहिला.

सर्जेरावचं काम कडूबाकडं आलं. मी त्या दिवशी शूटिंग बघायला गेले होते, कारण तिथून आम्हाला थेट कार्यक्रमाला जायचं होतं. जागा खरी नव्हती, तिच्यापासून लांब एका दुसऱ्या बोअरवर सगळं लावलेलं. दिग्दर्शक हिमांशू म्हणून पुण्याचा तरुण मुलगा होता. घाव घालून झाल्यावर सर्जेरावनं बिडी पेटवावी असं त्याला वाटत होतं. कडूबानं ते करून पाहिलं आणि थांबला. म्हणाला, बिडी नाय जमत. काम झालं की माणूस आधी हात धुतो.

त्यानं टँकरचा मागचा कॉक उघडला आणि हात धुतले. सावकाश, बोटांच्या मधून, कोपरापर्यंत. आणि धुता धुता गुणगुणायला लागला. शब्द नव्हते. दळताना बाया म्हणतात तसल्या ओवीची चाल, खाली उतरत जाणारी आणि शेवटच्या सुराला न टेकता परत वर जाणारी. हात झटकले तशी चाल तुटली. हिमांशूनं कट म्हणायला उशीर केला.  माझ्या दंडावर काटा आला होता आणि मी शाल घेतली नव्हती याचं मला वाईट वाटलं, भर एप्रिलात.

रिक्षात मी विचारलं, हे कुठून आणलंस? त्यानं खांदे उडवले. आमच्याकडं विहिरीवर माणसं असंच करतात म्हणाला. आजोबा मोट सोडून पाय धुवायचे तेव्हा आजीचीच चाल म्हणायचे.

तो भाग फार गाजला. मुकुंदवाडीच्या स्टेशनावर पोरं त्याला बघून हात धुवायची नक्कल करायची. युनिटनं त्याचे दिवस वाढवले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सर्जेरावला जामीन झाला.

पहिल्यांदा तो आम्हाला जालना रोडच्या एका मंगल कार्यालयात दिसला. पुढच्या रांगेत, पांढऱ्या कपड्यात, मांडीवर दोन्ही हात ठेवून बसलेला. मी त्याला ओळखत नव्हते. कडूबाचा पहिला अंतरा चुकला तेव्हा मी त्याच्याकडं पाहिलं आणि तो कुठं बघतोय तिकडं पाहिलं. वर्तमानपत्रातला फोटो आठवला. सर्जेरावनं टाळी वाजवली नाही, फर्माईश केली नाही. शेवटचं गाणं झालं आणि तो उठून गेला. पुढच्या महिन्यात एका साखरपुड्यात तो परत होता. मग एका बारशाला. यजमानांच्या ओळखीचा असेल, अशी मी स्वतःची समजूत घालायची. कडूबा म्हणाला, ताई, तो गाणं ऐकत नाय. तो माझं तोंड बघतो.

युनिटमध्ये त्यानं हिमांशूला सांगून पाहिलं. हिमांशूला ते रोमांचक वाटलं, यावर एक भाग करता येईल म्हणाला. कडूबानं पुन्हा तिथं विषय काढला नाही.

उन्हाळा परत आला. त्या साली तर जायकवाडीच्या तळातलं पाणी उपसत होते. आमच्या म्होरक्यानं एका फार्म हाऊसवरची हळद घेतली. शेंद्र्याच्या बाजूला, मोठी पार्टी आहे, एवढंच त्यानं सांगितलं. फाटकातून आत गेलो आणि मला आधी हिरवळ दिसली. रस्त्यानं येताना तासभर फक्त करपलेला माळ पाहिलेला, त्यामुळं ते गवत डोळ्यांना खोटं वाटलं. मांडवाच्या कडेला लोखंडी पाइप उभे केले होते आणि त्यातून पाणी उडत होतं. खाली पोरं-पोरी हळद फासून नाचत होती. पाइपांच्या मागं टँकर ओळीनं लावलेले. त्यांच्यावरचं नाव वाचून कडूबानं माझ्याकडं बघितलं. लग्न सर्जेरावच्या पुतणीचं होतं.

परत फिरता येणार नव्हतं. साउंड लागला होता, म्होरक्यानं आगाऊ पैसे घेतले होते. कडूबा गायला, आणि या वेळी त्याला कुणी स्पीकरमागं उभं केलं नाही. उलट पुढं बोलावून त्याला फेटा बांधला.

जेवणाच्या वेळी सर्जेराव आमच्या टेबलापाशी आला. जवळून बघितलं तर साधाच माणूस, पन्नाशीचा, दाढी चोख केलेली, आवाज मऊ. मला म्हणाला, बसा ताई, जेवा निवांत. कडूबाच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याशेजारची खुर्ची ओढली.

त्यानं आधी गाण्याचं कौतुक केलं. मग सांगितलं की हर्सूलच्या जेलात टीव्ही असतो आणि त्याचा भाग तिथं सगळ्या बराकीनं मिळून पाहिला. लोक सर्जेरावकडं बघून हसत होते. आपणही हसत होतो म्हणाला, पडद्यावरचा कडूबा हात धुवायला लागेपर्यंत.

"ते गुणगुणणं," सर्जेराव म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?"

कडूबानं सांगितलं की कुणी नाही, मनानंच केलं.

"मनानं नाय येत असं. त्या टायमाला मी गुणगुणत होतो हे मला सोताला बी ध्यानात नव्हतं. तुह्या तोंडून ऐकलं तवा आठवलं. चाल बी तीच." तो थांबला. समोरच्या ताटातली चिमूटभर कोशिंबीर त्यानं बोटानं कडेला सारली. "तिथं आम्ही तिघंच होतो, कडूबा. एक गेला. एक मी. तिसऱ्याचं नाव तू नको सांगूस. नुसती मान हलव."

कडूबाची मान हलली नाही. तो त्याच्याकडं बघत राहिला, आणि मला दिसलं की त्याचे दोन्ही हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट अडकलेत. तो म्हणाला, "भाऊ, मला कुणी काय सांगितलं नाय. आईची आण."

सर्जेराव हसला, उठला, आणि जाता जाता मला म्हणाला की ताई, श्रीखंड घ्या, घरचं आहे. पलीकडं पाणी उडतच होतं.

कार्यक्रमाचा उरलेला भाग आम्ही कसा केला ते मला आठवत नाही. गाडीत कडूबा हळू आवाजात एवढंच बोलला की आता तो पुंजारामला सोडणार नाय, आणि ते माझ्यामुळं. मी म्हटलं पोलिसांत जाऊ. सकाळी आम्ही माझ्या मावसभावाकडं, मिहिरकडं गेलो. तो वकील. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे चोळले. म्हणाला, माणूस हळदीत जेवताना बोलला, याला कोर्टात काय धरणार? तो उद्या म्हणेल मी थट्टा केली. पण तुम्ही हे पोलिसांना सांगितलंत की पुंजारामचं नाव पुढं येतं, आणि तो कबूल झाला नाही तर उघडा पडतो. आधी त्याला विचारा.

पुंजाराम पालिकेच्या टाकीवर भेटला. तिथं टँकर भरायला रांग लागते. आता तो दुसऱ्या मालकाची गाडी चालवत होता. मी रस्त्याच्या या बाजूला स्कूटीवर थांबले, कडूबा एकटाच गेला. पुढचं त्यानं सांगितलेलं.

पुंजारामनं त्याला लगेच ओळखलं. टँकरच्या तोंडात पाइप सोडून तो टपावर बसला होता, खाली आलाच नाही. कडूबा खालून बोलत राहिला, पाण्याच्या आवाजात. फार्म हाऊसवर काय झालं ते सगळं सांगितलं. पुंजाराम पाण्याकडं बघत होता. टँकर भरला, पाणी वरून सांडायला लागलं, तरी त्यानं पाइप काढला नाही. मागचा ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला तेव्हा कुठं काढला.

मग खाली उतरून तो कडूबाच्या अगदी जवळ आला. "तुम्ही लई मोठ्यानं म्हटलं," तो म्हणाला. "तो असा नव्हता म्हणत. बारीक, नाकातल्या नाकात." आणि मग, "मी झोपलेला होतो. तसं लिहून दिलंय मी. मला दोन पोरी हायेत, तुम्ही आता इथं परत येऊ नका."

कडूबा रस्ता ओलांडून माझ्याकडं आला. आम्ही उसाच्या रसाच्या गाड्यावर बसलो. रस नव्हता, ऊसच येत नव्हता, माणूस लिंबूपाणी विकत होता. तिथं त्यानं मला हे सांगितलं आणि म्हणाला की मी कोर्टात गेलो तर पुंजाराम मरतो, नाय गेलो तरी सर्जेराव त्याला गाठतो. काय करू?

 उत्तर त्याचं त्यानंच शोधलं, आणि मला ते पडद्यावर कळलं.

पुढच्या भागात तो एका दागिनेचोराच्या भूमिकेत होता. म्हातारीचा गळा दाबून झाल्यावर तो आरशापुढं उभा राहून केस विंचरायला लागला आणि गुणगुणायला लागला. तीच चाल. त्याच्या पुढच्या भागात एक शिक्षक होता, विद्यार्थिनीला पळवणारा. मोटारसायकल पुसताना तीच चाल. मग एक सावकार, मग एक दारुडा भाऊ. कडूबाचा प्रत्येक गुन्हेगार गुणगुणायला लागला. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, सर्जेराव हा कार्यक्रम चुकवत नाय, ताई. त्याला दिसू दे की ही माझी लकब आहे. त्या दिवसाची खूण नाय, कडूबाची खोड आहे.

आधी हिमांशूला ते आवडलं, मग तो कंटाळला. लोकही कंटाळले. इंटरनेटवर कुणीतरी सगळे तुकडे एकापाठोपाठ जोडून टाकले आणि ती थट्टा गावभर झाली. हिमांशूनं त्याला स्पष्ट सांगितलं की पुढच्या टेकला आवाज काढायचा नाही. कडूबानं काढला. पुन्हा सांगितलं, पुन्हा काढला. हात जोडून म्हणाला, मला त्याशिवाय जमत नाय. इतकी वर्षं ज्याला एका टेकमध्ये सगळं जमायचं तो माणूस सगळ्यांपुढं स्वतःला अडाणी ठरवत होता आणि खरं कारण सांगू शकत नव्हता. युनिटनं त्याला आधी लहान कामं दिली, मग दिलीच नाहीत. दुसऱ्या वाहिनीवर एका कौटुंबिक मालिकेत वडिलांचं काम मिळायची बोलणी चालू होती, तीही तिथंच थांबली. एकसुरी नट, असं त्याच्याबद्दल म्हणायला लागले. गाणाऱ्या माणसाला तो शब्द फार लागला.

गाण्यातही त्याचं चित्त राहिलं नाही. दोन गाण्यांच्या मध्ये, पाणी पिताना, त्याच्या ओठांवर ती चाल यायची आणि तो दचकून थांबायचा. मंजुषा मला म्हणाली, घरात पोरीला झोपवताना पण तेच. मी ओरडले तर म्हणाला मला कळलंच नाय.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सर्जेरावचा फोन आला. कडूबानं तो माझ्यासमोर घेतला, मुकुंदवाडीच्या चहाच्या हॉटेलात. मला फक्त त्याचं "व्हय भाऊ, व्हय" ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर त्यानं सगळं सांगितलं. सर्जेराव म्हणाला होता की तुझं ते गुणगुणणं आता लई झालं, दुसरं काहीतरी शोध. आणि हसला होता. मोकळं हसला, कडूबा म्हणाला. त्याचा इश्वास बसला, ताई.

पुंजारामच्या पोरीचं त्या वर्षी लग्न झालं. त्याला कुणी हात लावला नाही.

खटला उभा राहिला तेव्हा चांगला पाऊस पडून गेला होता. साक्षी सुरू व्हायच्या आधी एका दुपारी कडूबाच्या दारात एक बाई आली. धोंडिबाची बायको, केसरबाई. मी तेव्हा तिथं होते, आम्ही नवीन गाणी बसवत होतो. मंजुषानं तिला पाणी दिलं. ती खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खालीच बसली आणि बराच वेळ कडूबाच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मला वाटलं ही आता रडेल किंवा शिव्या देईल. तिनं दोन्ही केलं नाही.

ती म्हणाली की मी तो भाग एकदाच पाहिला, भावाच्या घरी. सर्जेराव रोज त्यांच्या बोअरवर यायचा. वर्षानुवर्षं. टँकर भरला की कॉकवर हात धुवायचा आणि धुताना गुणगुणायचा. त्याला ते माहीत नसायचं, तिचा नवरा घरी येऊन त्याची नक्कल करायचा, दोघं हसायचे.

"तुम्ही कदी त्याला पाह्यलं नव्हतं म्हणत्यात," ती म्हणाली. "मंग हे कसं केलं? कोणी तरी तुम्हाला सांगितलं असंल. ज्यानं पाह्यलं त्यानं सांगितलं असंल. दादा, त्याचं नाव मला सांगा. मी त्याच्या पाया पडते. कोर्टात चल म्हणते."

मी कडूबाकडं बघू शकले नाही. खाली स्टेशनात मालगाडी थांबलेली होती, तिचं इंजिन घरघरत होतं.

"मावशी," तो म्हणाला, "मला कुणीच काय सांगितलं नाय. मी मनानं केलं."

सर्जेरावला दिलेलं उत्तर त्यानं तिला दिलं. सर्जेरावपुढं ते खरं होतं, आता पुरतं नव्हतं. केसरबाईनं ते ऐकलं, पदरानं तोंड पुसलं, आणि मंजुषाला विचारलं की लेकीचं नाव काय. मग उठून गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज येईनासा झाला. मग मंजुषानं कडूबाला विचारलं, तुम्हाला काही ठाऊक आहे का? तो हार्मोनियमचा भाता बंद करून पट्टा लावत होता. म्हणाला, नाही.

मी त्याच्या जागी काय केलं असतं ते मला आजही सांगता येत नाही. एवढं खरं की पुंजारामनं कोर्टात शपथेवर सांगितलं, मी झोपलेला होतो. टॉमीवर काही सापडलं नाही, पाण्यानं धुतलेली होती. सर्जेराव सुटला. निकालाच्या दिवशी कडूबा कोर्टात गेला होता, मागं उभा राहायला. बाहेर पायऱ्यांवर केसरबाई भावाबरोबर बसली होती आणि तिनं त्याला बघून मान वळवली, एवढंच त्यानं सांगितलं.

आमचा ऑर्केस्ट्रा पुढं मोडला. आता लग्नात लोक लॅपटॉप लावतात. मी शाळेत संगीत शिकवते. कडूबानं टीव्हीचं नाव घेतलं नाही, मुकुंदवाडीतच एक खोली भाड्यानं घेऊन गाण्याचा वर्ग काढला. चांगला चालतो. आकाशवाणीवर कधीमधी गातो, आवाज अजून तसाच आहे, खालच्या पट्टीत थोडा जड झालाय.

धोंडिबाच्या जमिनीवर आता घरं आहेत. चार मजली, गुलाबी रंगाची, फाटकाला कमान. तिथल्या बोअरचं पाणी सगळ्या सोसायटीला पुरतं.

मागच्या वर्षी सर्जेराव त्याच्या वर्गात आला. बरोबर नात होती, नऊ-दहा वर्षांची, सावनी नावाची. तिला शिकवायचं तर तुझ्याकडंच, दुसऱ्या कुणावर माझा भरोसा नाय, असं तो म्हणाला. कडूबा नाही म्हणू शकला नाही. काय कारण सांगणार होता? मी मध्ये एकदा वर्गावर गेले तेव्हा ती पोरगी पुढं बसली होती. गोड आवाज, सुराला पक्की. कडूबा तिला इतर मुलांसारखंच शिकवत होता, चुकली की थांबवत होता, मात्र तिच्याकडं बघत नव्हता.

खाली पांढरी गाडी उभी होती. सर्जेराव तिच्यात काच खाली करून बसला होता, नातीचं गाणं ऐकायला. एसी चालू ठेवून काच खाली. मला ओळखलं आणि हात जोडले. मी जोडले की नाही आठवत नाही, बहुतेक जोडले असतील.

वर मुलं घामानं निथळत होती. वर्गाला रस्त्याच्या बाजूनं मोठी खिडकी आहे, पण ती पांढरी गाडी आली की कडूबा ती लावून घेतो. धूळ फार येते, असं त्यानं मुलांना सांगितलंय.